एक्केचाळिसाव्या प्रश्नाला लागलेला वेळ

कागद कापायच्या यंत्राला एका वेळी सहाच पानं चालतात. सातवं घातलं की ते घरघरतं आणि बंद पडतं, मग मागचं झाकण काढून चिंध्या ओढत बसायचं. आमची प्रश्नावली बरोब्बर सहा पानांची, पाठपोट छापलेली, त्यामुळे एका वेळी एक माणूस आत जात होता. सकाळपासून मी एकशे चाळीस माणसं घातली होती. आमच्या संशोधन केंद्राला तिसरा मजला सोडून तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत जायचं होतं, आणि नियमच असा आहे की लोकांनी हाताने भरलेले कागद सात वर्षं कुलपात ठेवायचे आणि मग नष्ट करायचे. सात वर्षं होऊन गेली होती. कामावरचा ताण आणि मनाचं स्वास्थ्य ह्यावरची ती आमची सगळ्यात मोठी पाहणी. आठशे बारा माणसं, कारखान्यांतली, बँकांतली, इस्पितळांतली, दिवसभर फोनवर बोलायची नोकरी करणारी. त्यांच्या जिवावर मी चार परिषदा गाजवल्या, एक पुस्तक केलं आणि ताण कसा हलका करावा ह्यावर व्याख्यानं द्यायला लागलो. माझं स्वतःचं घर अकरा महिन्यांपासून रिकामं आहे, हे व्याख्यानात सांगायचं काही कारण नसतं. लोक टाळ्या वाजवतात, दोघं-तिघं जवळ येऊन आपापल्या साहेबांच्या तक्रारी सांगतात, मी बॅग उचलून घरी येतो आणि कुलूप काढतो.

बायको तिच्या थोरल्या बहिणीकडे राहते. भांडण झालं नव्हतं. भांडण झालं असतं तर निदान कुठल्या वाक्यावर बिनसलं ते तरी शोधता आलं असतं. एका संध्याकाळी जेवताना मी तिला सांगत होतो की झोपायच्या आधी दिवसभरातल्या तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहून काढाव्यात, सहा आठवड्यांत फरक दिसतो, आकडे आहेत. ती पाणी प्यायली, पेला खाली ठेवला आणि म्हणाली, "मी ताईकडे जाते थोडे दिवस." मी विचारलं, "किती?" ती म्हणाली, "बघू." ते बघू अकरा महिने चाललंय. आणि गेल्या रविवारी लेकीचा फोन आला, ती दुसऱ्या शहरात असते, नोकरी करते, माझ्याशी बोलताना हल्ली शब्द मोजून वापरते. "बाबा, आई इकडच्या इस्पितळात बदली मागतेय. अर्ज शुक्रवारपर्यंत द्यायचाय. फॉर्म आणून ठेवलाय, पण अजून भरलेला नाही. तुला काही बोलायचं असेल तर आत्ता बोल, मग मला सांगू नकोस." मी म्हटलं, बोलतो. आज गुरुवार. चार दिवस मी रोज फोन हातात घेतला आणि काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून काढू म्हणून खाली ठेवला. लिहूनही काढलं, खोडलंही. परत ये, एवढे दोन शब्द सोडले तर बाकी सगळं मला लिहिता येत होतं.

साडेअकराच्या सुमाराला कपाटाच्या तळाशी एक वेगळा गठ्ठा लागला. त्याचं रबर वाळून कडक झालं होतं, हात लावल्याबरोबर तुटून पडलं. वर चिठ्ठी: 'चाचणी, घरची माणसं.' हे प्रकरण काय ते सांगायला हवं, कारण आमच्या धंद्याबाहेरच्या माणसाला ते चमत्कारिक वाटेल. नवी प्रश्नावली बाहेर पाठवायच्या आधी ती कुणावर तरी करून बघावी लागते. प्रश्न कळतात का, माणूस कुठे अडतो, एकूण वेळ किती लागतो. त्यासाठी आम्ही प्रत्येक जण पाच-पाच प्रती घरी न्यायचो आणि बायको, नवरा, सासरा, मेव्हणा, जो हाताला लागेल त्याला टेबलाशी बसवायचो. आपण समोर घड्याळ घेऊन बसायचं. ह्या प्रतींमधली उत्तरं कुणी वाचत नाही. तेव्हाच्या आमच्या संचालक बाई ह्या बाबतीत फार कडक होत्या. घरचं माणूस घरच्या माणसासमोर खरं लिहीत नाही, म्हणून ती उत्तरं म्हणजे कचरा, वेळ तेवढा टिपून घ्या, असं त्यांचं म्हणणं. आम्ही वेळ तेवढा टिपला. मी तर नाकासमोर चालणारा माणूस, मी सेकंदसुद्धा सोडले नाहीत.

"वाचत बसू नका, काका," आमची आकडेवाली दारातून म्हणाली. बेरजा-वजाबाक्या, सरासऱ्या सगळं तिच्याकडे, म्हणून तिला सगळे आकडेवाली म्हणतात, तोंडावरसुद्धा, आणि ती मला काका म्हणते. मला ते आवडत नाही, पण पन्नाशी उलटल्यावर कुणी काही म्हणायचं ते आपल्या हातात राहत नाही. "वाचायचे असते तर तेव्हाच वाचले असते ना? सामान न्यायची गाडी तीनला येतेय."

मी वाचत नव्हतोच, मी अक्षर बघत होतो. हातात आलेल्या प्रतीच्या समासात पेन्सिलने फार नेटकं काहीतरी लिहिलं होतं: '४१. २ मि. १० से. वाक्य लांब. तोडावे.' छान अक्षर आहे, असं मनात आलं, आणि मग कळलं की माझंच आहे. सात वर्षांपूर्वी माझं अक्षर इतकं चांगलं होतं, ह्याचं कौतुक करत मी क्षणभर उभा राहिलो, आणि नंतर नजर उत्तरांवर गेली. उत्तरांवर टिकच्या खुणा नव्हत्या, गोल होते. लहान, पेन न उचलता काढलेले. वाण्याकडून आणायच्या सामानाला, कॅलेंडरवरच्या तारखांना, पोरीच्या वहीतल्या चुकांना असे गोल करणारं एकच माणूस मला माहीत आहे. मी खुर्चीवर बसलो. एक्केचाळिसावा प्रश्न असा होता: 'कामावरून परत आल्यावर, दिवसभरात जे झालं आणि मनात जे साचलं ते सगळं ज्याच्यापाशी बोलून टाकता येईल असं माणूस तुमच्या घरी आहे का?' खाली चार पर्याय, नेहमी, बहुतेक वेळा, कधी कधी, नाही. गोल 'नाही'ला होता. बाकीचे गोल सैल आणि घाईचे, हा मात्र दोनदा फिरवून घट्ट केलेला. तरीही, आमच्या अंगात काय मुरलेलं असतं बघा, पहिला विचार आला तो संचालक बाईंचाच, की घरचं माणूस खरं लिहीत नाही.

तो रविवार होता, दुपार. जेवणाची ताटं बाजूला सारून मी तिच्यासमोर कागद ठेवला आणि मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर. "प्रोफेसर, शेवटी माझा उंदीर केलास की प्रयोगाचा," ती म्हणाली. मी प्रोफेसर कधीच झालो नाही, पण लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ती मला प्रोफेसर म्हणते, आधी लाडाने, मग सवयीने, आणि पुढे कशी म्हणायची ते मी कधी नीट ऐकलं नाही. ती इस्पितळात एक्स-रे काढते, बावीस वर्षं झाली. त्या वर्षी त्यांच्याकडची दोन माणसं सोडून गेली होती आणि दिवसाला चाळीस व्हायचे ते नव्वदावर गेले होते. हे मला माहीत होतं. आकडा म्हणून माहीत होतं, पाहणीत दाखला म्हणून वापरलाही होता. पहिले चाळीस प्रश्न तिने भराभर उरकले, मधेमधे हसली, 'तुमचे वरिष्ठ तुमच्या मताला किंमत देतात का' ह्याला म्हणाली, आमचे वरिष्ठ आम्हाला ओळखतात का ते आधी विचार. मग एक्केचाळीस आला आणि पेन हवेत राहिलं. मी सेकंदकाट्याकडे बघत होतो. तिच्याकडे बघितलंच नाही असं नाही. बघितलं, पण अडलेला माणूस म्हणून बघितलं, परीक्षेत पोर अडतं तसं. "प्रश्न कळत नाही का?" मी विचारलं. "कळतो." "मग भाषा अवघड आहे?" "नाही रे. भाषा चांगली सोपी आहे." "मग?" "काही नाही, जरा आठवत होते." मी समासात ती टीप लिहिली. नंतर बैठकीत मी जोर लावून तो प्रश्न बदलून घेतला, 'घरी आधार मिळतो का, हो किंवा नाही,' आणि त्या दोन मिनिटं दहा सेकंदांची चार सेकंद करून दाखवली. बाईंनी पाठ थोपटली. तो तोडलेला प्रश्न आठशे बारा जणांकडे गेला, शंभरातल्या ब्याऐंशींनी 'हो'वर खूण केली, आणि आजही मी व्याख्यानाच्या शेवटी पडद्यावर ती ब्याऐंशी दाखवून सांगतो की बाहेर कितीही ताण असो, घर माणसाला सावरतं. त्या वाक्याला हमखास टाळ्या पडतात.

शेवटच्या पानावर एक कोरा चौकोन असायचा, 'आणखी काही सांगायचं असल्यास.' त्याचा वेळ धरायचा नाही असं ठरलेलं होतं, कारण तिथे सहसा कुणी काही लिहीत नाही. ती तिथे पोचली तसं मी घड्याळ उचललं, एकवीस मिनिटं पन्नास सेकंद अशी नोंद केली आणि ताटं घेऊन आत गेलो. नळ सोडला. माझी पाठ तिच्याकडे होती. परत आलो तेव्हा ती अजून लिहीत होती, मग तिने कागद उलटा करून सगळे एकत्र जुळवले, कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या आणि माझ्या हातात देत म्हणाली, "सगळं वाचशील ना?" मी म्हटलं, "अगं, एकूण एक कागद नजरेखालून जातो आमच्या." हे मी म्हटलं. शब्दन् शब्द आठवतोय मला, कारण म्हणताना मला आमच्या केंद्राचा अभिमान वाटला होता. आणि पुढचे आठ-दहा दिवस, आता आठवतं, ती संध्याकाळी टीव्ही न लावता मी काम करत बसायचो तिथे येऊन बसायची. हातात काही नसायचं, विणकाम नाही, पेपर नाही. मी एकदा मान वर करून विचारलं, काही हवंय का? ती नाही म्हणाली आणि बसून राहिली. दमली असेल, असं मला वाटलं. मग ते बसणं बंद झालं आणि पुन्हा टीव्ही लागायला लागला, आणि मला त्याचंही बरं वाटलं, कारण कुणी नुसतं शेजारी बसलं की माझं लक्ष लागत नाही.

मी शेवटचं पान उलटलं. चौकोन भरून अक्षर समासात गेलं होतं. 'तू वाचशील म्हणून इथे लिहिते, तोंडाने जमत नाही. कामावरून आले की मी लगेच वर येत नाही. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पायरीवर बसते. अर्धा तास, कधी जास्त. रडत वगैरे नाही, नुसती बसते. वर यावंसं वाटत नाही. तुझं काही चुकलंय असं नाही. पण हे वाचलंस की मला एकदा विचार.' तेवढंच. खाली सही नाही, सही करायला ती काही इस्पितळाचा फॉर्म भरत नव्हती. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. त्या काळात तिच्या कपड्यांना पाठीवर चुना लागलेला असायचा, खांद्याच्या जरा खाली, आणि मी दोन-तीनदा तो हाताने झटकलाही होता. "कुठे टेकलीस?" असं विचारलं होतं आणि उत्तराची वाट न बघता म्हटलं होतं की ह्या इमारतीला रंग लावून घ्यायला हवा, सोसायटीला पत्र लिहायला हवं. पत्र लिहिलं मी. जिना रंगवून घेतला. त्यानंतर चुना लागेनासा झाला, म्हणून मी तेही विसरलो.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी, नाहीतर ह्या लिहिण्याला काही अर्थ नाही. लाज वाटायच्या आधी मला हायसं वाटलं. अगदी छातीवरून दगड उतरावा तसं. अकरा महिने मी रात्रंदिवस विचार करत होतो की माझं चुकलं कुठे, मी कधी हात उगारला नाही, पगार घरी दिला, बाईमाणसाच्या भानगडीत नव्हतो, मग ही गेली का. आणि आज कारण माझ्या हातात होतं, लेखी, तारखेसकट. आणि त्या कारणात माझा दोष काय, तर मी वाचलं नाही. वाचू नये असा नियम होता म्हणून वाचलं नाही. माहीत असून गप्प बसलो असतो तर मी हलकट ठरलो असतो, पण मला माहीतच नव्हतं. हे तिला सांगितलं की झालं. तिला कळेल की हा माणूस वाईट नव्हता, ह्याच्यापर्यंत निरोपच पोचला नव्हता. ज्या प्रश्नाची ती सात वर्षं वाट बघत बसली तो मी आज जाऊन विचारू शकतो, शुक्रवारच्या आत. मला अक्षरशः घाम फुटला, आनंदाने. मी ती सहा पानं घडी करून खिशात घातली. नियमाने हा गुन्हा आहे, आणि आकडेवालीने ते पाहिलं. ती काही बोलेल म्हणून मी थांबलो. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, मग गठ्ठ्यावरच्या चिठ्ठीकडे. "जा तुम्ही," ती म्हणाली. "उरलेली माणसं मी घालते." पहिल्यांदाच तिने वाक्याच्या शेवटी काका लावलं नाही.

इस्पितळ केंद्रापासून चालत वीस मिनिटांवर आहे. बावीस वर्षांत मी तिथे तीनदा गेलो असेन, तिन्ही वेळा बाहेरच्या फाटकापर्यंत. वाटेत मी वाक्य जुळवत होतो. 'मी आज वाचलं' असं सुरू करावं की 'मला तेव्हा वाचता आलं नाही' असं. 'आलं नाही' ह्यात थोडी मखलाशी आहे, 'वाचलंच नव्हतं' हे सरळ. सरळच बोलायचं ठरवलं. चौकात दिवा हिरवा झाला तरी मी उभाच होतो, मागच्या माणसाने कोपराने ढोसलं. उन्हात लोक जेवायच्या सुट्टीला बाहेर पडत होते, गळ्यात ओळखपत्रं, हातात फोन, माझ्या आठशे बारांपैकी कुणी असतीलही त्यांत. मी कित्येक वर्षं रस्त्यावरच्या माणसांकडे बघून ती किती दमलीत ते एक ते दहामध्ये सांगू शकतो. त्या जिन्यावर बसलेल्या बाईला मी किती दिले असते कोण जाणे. मी वरच्या मजल्यावर बसून तिला उशीर का होतो ह्याचं कारण तिच्या विभागातल्या अपुऱ्या माणसांमध्ये शोधत होतो, आणि ते कारण खरंही होतं, हीच तर पंचाईत.

एक्स-रे विभाग तळघरात निघाला. लांबलचक बोळ, भिंतीला लागून लोखंडी बाकं, बाकांवर माणसं, कुणाचा हात गळ्यात बांधलेला, कुणी चाकाच्या खुर्चीत. टेबलाशी बसलेल्या बाईने हात पुढे केला. "चिठ्ठी?" मी म्हटलं, चिठ्ठी नाही, मला आत काम करतात त्या बाईंना भेटायचंय. "तुम्ही कोण त्यांचे?" मी म्हटलं, "घरचा." तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, जणू घरच्यांबद्दल तिने काही ऐकून ठेवलं होतं, आणि बाकाकडे बोट दाखवलं. मी बसलो. जाड दारातून आवाज येत होता. "हनुवटी वर. खांदे पुढे. श्वास घ्या, धरून ठेवा. हलू नका. सोडा." थोडा वेळ शांतता, मग पुन्हा तेच, त्याच चालीत, ना कंटाळा ना जिव्हाळा. हा आवाज मी घरी कधी ऐकला नव्हता. आणि ह्याच बाईला मी, दोन वर्षांपूर्वी, पलंगावर मांडी घालून बसवून श्वासाचा व्यायाम शिकवला होता. चार आकडे मोजत घ्यायचा, चार मोजत धरायचा. तिने डोळे मिटून सगळं केलं होतं, एक शब्द न बोलता. शेजारी बसलेल्या म्हातारबुवांनी विचारलं, "छाती का?" मी म्हटलं, "हो."

सत्तावन्न नंबर पुकारायला ती दारात आली आणि तिने मला बघितलं. चेहरा एकदम उतरला. "लेकीला काही झालं?" मी घाईने नाही नाही म्हटलं. "मग?" "बोलायचं होतं." तिने बाकांवरून नजर फिरवली, किती राहिलेत ते मोजलं असावं. "हे तीन काढते. मग माझी सुट्टी आहे." ती बारीक झाली होती. केस कापले होते, मानेवर, आणि मला ते कुणी सांगितलं नव्हतं. तीन माणसांना वीस मिनिटं लागली. मी मुद्दाम घड्याळ बघितलं नव्हतं, भिंतीवर समोरच होतं. मग ती डबा घेऊन बाहेर आली आणि मला बोळाच्या टोकाला घेऊन गेली, तिथे जुनी मोडकी यंत्रं चादरी घालून ठेवली होती आणि एक बाक होता, वर छताशी चिंचोळी खिडकी. "इथे बसून जेवते मी," ती म्हणाली. "कुणी येत नाही." आम्ही बसलो. डबा तिने मांडीवर ठेवला, उघडला नाही. मी खिशातून कागद काढले आणि शेवटचं पान वर करून तिच्या हातात दिले.

तिने लगेच ओळखलं. बोट चौकोनाच्या कडेवरून फिरवलं. "हा अजून आहे?" तिच्या आवाजात राग नव्हता, जुना फोटो सापडावा तसं थोडं नवल होतं, आणि मला केवढा धीर आला. "जपून ठेवलास होय इतकी वर्षं," ती म्हणाली आणि अगदी जराशी हसली. मी म्हटलं, "नाही, ऐक. मी हे आज वाचलं. आज सकाळी, पहिल्यांदा. तेव्हा मी वाचलंच नव्हतं गं. आमच्यात घरच्यांच्या प्रतींची उत्तरं वाचत नाहीत, फक्त वेळ बघतात, तसा नियम आहे. मला ठाऊकच नव्हतं. ठाऊक असतं तर मी विचारलं नसतं का?" सगळं एका दमात बोललो, रस्त्यात जुळवलं होतं त्याच क्रमाने, एकही शब्द अडला नाही. बोलून झाल्यावर मी तिच्याकडे बघितलं. आता तिच्या कपाळावरची आठी सैल होईल म्हणून बघितलं.

"आज?" ती म्हणाली.

"आज सकाळी."

"त्या दिवशी नाही वाचलंस? नंतर कधी?"

"नाही. शपथ."

तिने नजर समोरच्या चादरीकडे वळवली. मग बोलायला लागली, माझ्याशी की नुसतीच, कळत नव्हतं. "इथे मी दिवसभर बघते रे. पडद्यावर सगळं दिसतं मला, डॉक्टरच्या आधी. पोरगं विचारतं, मावशी, मोडलंय का? म्हातारी विचारते, बाई, छातीत काही आहे का हो? आम्ही सांगायचं नसतं. मी म्हणते, डॉक्टर सांगतील. दिसत असतं, आणि तोंड बंद ठेवायचं. सवय होते त्याची. म्हणून मला वाटलं, तुझंही तसंच. वाचलंस, आणि काय बोलावं ते सुचलं नाही. आठ-दहा दिवस तुझ्याजवळ येऊन बसले, म्हटलं बोलशील. नाही बोललास. मग म्हटलं जाऊ दे, माणसाला बोलता येत नाही एकेकदा, मला तरी कुठे आलं, मी पण लिहिलंच ना. पण माहीत आहे ह्याला." ती थांबली. डब्याची कडी बोटाने वर-खाली करत होती. "सहा वर्षं मी जिन्यात बसले ना, ते त्या भरवशावर बसले. वर दिवा दिसायचा आपल्या खिडकीचा, वळणावरून. मला वाटायचं, तो वर बसलाय आणि त्याला माहीत आहे मी खाली आहे. घाई करत नाही, हाक मारत नाही, बसू देतोय. तेवढ्यावर मी उठायचे आणि वर यायचे. रोज. चिडायचे पण त्याच्यावरच, की माहीत असून तीन चांगल्या गोष्टी लिही म्हणतोस. त्या दिवशी निघाले तेव्हासुद्धा, रागावून निघाले, पण ह्याला सगळं ठाऊक आहे असं धरूनच निघाले." मग तिने माझ्याकडे बघितलं. "म्हणजे मी तिथे एकटीच बसत होते."

मला तेव्हा कळलं मी काय केलं ते. मी तिच्याकडे मी निर्दोष असल्याची पावती घेऊन आलो होतो आणि तिच्यापाशी सात वर्षं जे एक होतं ते काढून घेतलं होतं. तिच्या हिशेबातला तो मुखदुर्बळ, सगळं जाणणारा नवरा माझ्यापेक्षा कितीतरी बरा होता, आणि तो मी आत्ता, दोन मिनिटांत, तिच्यासमोर नाहीसा केला. खोटं बोललो असतो तर? हो, वाचलं होतं, धीर झाला नाही, एवढं म्हटलं असतं तर ती कदाचित रडली असती आणि कदाचित परत आली असती. ते सुचायला मी तिच्या बाजूने एकदा तरी विचार करायला हवा होता, पण रस्ताभर मी माझ्याच बाजूने चालत आलो होतो. मी तिचा हात धरला, तिने सोडवला नाही, धरलाही नाही. मी म्हटलं, "आता विचारतो ना. तू म्हणालीस एकदा विचार. आता विचारतो."

"विचार," ती म्हणाली. आणि ती खरंच थांबली, हे मला सांगायचंय. मान जरा वळवून, ओठ किंचित उघडे ठेवून ती वाट बघत होती.

पंचवीस वर्षं मी प्रश्न बनवतो. चांगला प्रश्न कसा असावा ह्यावर मी पोरांना शिकवलं आहे. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून आलं, "किती वेळ बसायचीस?"

तिने डोळे मिटले, मग उघडले. "लिहिलंय की त्यात," ती हळू म्हणाली. "अर्धा तास. कधी जास्त."

मी लगेच म्हटलं, नाही, तसं नाही, मला ते नव्हतं विचारायचं, थांब. पण ती उठली होती. तिने पानांच्या कडा मांडीवर सारख्या केल्या आणि ती मला परत दिली, माझ्या केंद्राची वस्तू असल्यासारखी. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मी पाय धरले असते. फार दमली होती ती. "मी फॉर्म आज देऊन टाकते," ती म्हणाली. "आठ दिवस उगाच पडून होता. लेकीला मी सांगेन, तू फोन नको करू, तिला तुझं ऐकताना त्रास होतो." मी मान हलवली. काय करणार होतो? बोळाच्या त्या टोकाला टेबलावरची बाई उभी राहून आमच्याकडे बघत होती, नंबर वाढले असावेत. बायको दोन पावलं गेली आणि परत आली, माझ्याकडे निरखून बघितलं, अगदी पूर्वीसारखं, ताप आहे का बघताना बघायची तसं. "जेवला नाहीस ना तू?" मी म्हटलं, जेवलो. तिला खोटं कळलं, तिला नेहमीच कळतं. तिने तिचा डबा माझ्या हातात ठेवला.

"खाऊन घे इथे बसून. मला भूक नाही," ती म्हणाली. "आणि डबा परत द्यायला येऊ नकोस. ताईकडे पुष्कळ आहेत."

ती गेली. मी कडी काढली आणि जेवलो, सगळं जेवलो.